शेवटचा डबा आधी

“नाम दीजिए मैडम,” वरच्या ऑफिसातून साहेब फोनवर म्हणाले. “पस्तीस मिनट का डिटेन्शन है. किसी का नाम तो जाएगा.”

डिटेन्शन म्हणजे गाडी ठरल्यापेक्षा जास्त वेळ थांबणे. रेल्वेत अशी मिनिटं हवेत विरत नाहीत. ती कुणाच्या तरी माथी मारावी लागतात, आणि माथं शक्यतो खालच्या माणसाचं असतं.

मी तेव्हा गोंदियाला कॅरेज विभागात सुपरवायझर होते. दवनीवाड्याच्या पटले घराण्यातली पोर रेल्वेच्या डब्यांखाली वाकून ब्रेक तपासते, याचं गावाला अजूनही नवल वाटायचं. डब्यांत पाणी भरणं हेही आमचंच काम. रुळांच्या बाजूने, इंजिनाकडून मागे, एक लांब पाइप जातो, त्याला जागोजागी तोट्या. तोटीला होज लावायचा, होजचं दुसरं टोक डब्याच्या नळीत खुपसायचं. टाकी भरली की जादा पाणी खाली सांडतं, तेव्हा होज काढायचा. काम सोपं, फक्त त्याला माणसं लागतात. कागदावर आमची माणसं बारा होती. प्रत्यक्षात पाच. होज बारा, त्यातल्या चारांना सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलेली. डबे चोवीस, वेळ दहा मिनिटं. नवीन होजसाठी मी तीनदा लिहिलं होतं. तिन्ही वेळा “विचाराधीन” असं उत्तर आलं.

त्या दुपारी पूर्वेकडून मुंबईला जाणारी गाडी सुटायला लागली आणि मागच्या जनरल डब्यातून कुणीतरी चेन ओढली. पुन्हा सुटली, पुन्हा ओढली. मे महिना, आणि डब्यात थेंब नाही. मी धावत मागे गेले. एका बाईने माखलेलं लेकरू हातांवर धरून माझ्यासमोर केलं.

“इसको कहाँ धोऊँ, बताओ.”

पस्तीस मिनिटं गेली आणि साहेबांचा फोन आला.

शेवटच्या डब्यांपाशी ड्यूटी होती कापगतेजींची. नवेगाव बांधचे, कोहळी समाजाचे. तलाव बांधणाऱ्यांच्या घरचा माणूस. बोलणं मोजकं, खांद्यावर पांढरा दुपट्टा. निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि तीस वर्षांत ठपक्याचा एकही मेमो नव्हता. हे ते कुणाला सांगत नसत, पण अख्ख्या गोंदिया स्टेशनला ठाऊक होतं. साहेबांना नाव द्यायचं तर त्यांचंच जाणार, आणि चार्जशीट घेऊन माणूस घरी जाणार.

“सर, तीन दिवस द्या,” मी म्हटलं. “तीन दिवसांत पाणी शेवटच्या डब्यापर्यंत पोचलं नाही, तर माझं नाव लिहा.”

“सोच लीजिए.”

“सोचलं.”

विचार वगैरे काही केला नव्हता. राग आला होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी गाडीच्या वेळी मी ऑफिसपाशी थांबलेच नाही. थेट शेपटाला जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं मी इंजिनाकडच्या बाजूला असायची. तिकडे शेड, तिकडे एसी डबे आणि तिकडेच तक्रारवहीत इंग्रजीत लिहिणारे प्रवासी. आमची पद्धत अशी होती की गाडी येण्याआधीच सगळ्या तोट्या उघडून ठेवायच्या. वेळ वाचतो असं आम्ही समजत होतो.

शेपटाला उभं राहिल्यावर कळलं. कापगतेजींच्या होजमधून करंगळीएवढी धार येत होती.

“हे असं रोजच असतं?”

“रोजचंच हाय, मॅडम. पुढचे डबे कवाचेच भरले. आता तिकडं पानी रुयावर सांडून राहिलं. होज काहाडाले मानूस नाई.”

मी वाकून पुढे पाहिलं. खरंच, एसी डब्यांखाली पाण्याचे पाट वाहत होते. माझ्या डोळ्यांसमोर रोज सांडत होतं, आणि मी त्याला ‘डबे भरले’ असं म्हणत होते.

“मग तुम्ही बोलले काऊन नाही?”

“बोल्लो होतो. तुमच्या आंधीच्या साहेबाले. थे म्हने, कापगते, मले शेती शिकवू नको.”

“मला शिकवा.”

ते हसले. दुपट्ट्याने तोंड पुसलं. “आमच्या बांधावर पानी सोडलं ना जी, तं आंधी शेवटच्या बांधीले देतेत. वरचा तं नहराले खेटूनच हाय. त्याले दोन घटका उशीर झाला तरी थो घेतेच. खालच्याचं राहिलं, तं राहिलंच. मंग भांडन होते.”

बांधी म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत. आमच्याही घरी धानच. चोरखमारा तलावाच्या पाण्यावरून दोन भावांत झालेली भांडणं मी नात्यात पाहिली होती. तरी हे मला सुचलं नव्हतं. डोक्यावर हेल्मेट आलं की बांधी विसरायला होते.

संध्याकाळी पाचही जणांना बसवलं. पहिली सहा मिनिटं पुढच्या तोट्या बंद. पाचही जण मागच्या बारा डब्यांना. ते भरले की कापगतेजी दुपट्टा हलवतील, मग मागच्या तोट्या बंद करून सगळे पुढे पळतील. उरलेल्या चार मिनिटांत पुढचे बारा. दुपट्टा पांढराच हवा. लाल किंवा हिरवा कपडा हलवला तर ड्रायव्हर त्याचा भलताच अर्थ घ्यायचा.

“आन् एसीवाले बोंबलतीन त्याचं काय?” एकाने विचारलं.

“त्यांना माझ्याकडे पाठवा.”

तिसऱ्या दिवशी गाडी आली आणि तिच्यातूनच साहेब उतरले. एसी डब्यातून. पुढे एकही होज लागलेला नव्हता, एकही माणूस नव्हता. दोन प्रवासी दारात उभे राहून तावातावाने बोलत होते.

“मैडम, ये क्या है? आपके आदमी कहाँ हैं?”

“मागे आहेत सर. सहा मिनिटं.”

“मैं खुद इसी कोच में हूँ!”

“मग सहा मिनिटं तुम्हालाही, सर.”

बोलून तर गेले. घड्याळात तीन मिनिटं झाली, चार, पाच. सहा झाली तरी दुपट्टा दिसेना. साहेबांनी खिशातून पेन काढलं. मी मनात माझ्याच चार्जशीटचा मजकूर जुळवायला लागले.

सातव्या मिनिटाला गाडीच्या अगदी टोकाला पांढरं काहीतरी हललं.

मग पाचही जण पळत आले, पट्टीचे होज खटाखट लागले, आणि धार अशी जोरात आली की एक पट्टी सुटून साहेबांचा बूट भिजला. तीन मिनिटांत दहा डबे सांडायला लागले. इंजिनामागचे दोन अर्धेच भरले. सिग्नल झाला आणि गाडी वेळेवर हलली. चेन कुणी ओढली नाही. शेवटचा जनरल डबा माझ्यासमोरून गेला तेव्हा खिडकीत एक माणूस ओल्या केसांवरून हात फिरवत होता. मला रडू आलं. लपवलं नाही.

साहेब बूट झटकत म्हणाले, “ये आइडिया किसका था? नाम दीजिए.”

या वेळी मी लगेच दिलं. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, सगळं.

दोन महिन्यांनी कापगतेजी निवृत्त झाले. तीस वर्षांच्या फाइलमध्ये वरून आलेला एकच कागद होता, शाबासकीचा. हारतुरे झाल्यावर त्यांनी तो दुपट्ट्यात गुंडाळला आणि नवेगावची गाडी पकडली. जाताना मला म्हणाले, “शेपटाकडं येत जा, मॅडम.” मी जात राहिले, नोकरी संपेपर्यंत.

आता शेवटचं. महिनाभराने, माझ्याच अहवालाच्या आधारे, दुसरं एक पत्र आलं. गोंदियात चोवीस डब्यांचं काम पाच जणांत उत्तम होत असल्याने रिकाम्या सात जागांची गरज उरली आहे का, हे तपासावं, असं त्यात होतं. मी उत्तर लिहिलं की त्या पाचांतला एक निवृत्त झाला आहे, त्याच्यासारखा एक पाठवा, मग उरलेल्यांचं बोलू. त्यावर उत्तर आलं, “विचाराधीन.”

तेव्हापासून नव्या पोरींना मी एकच सांगते. काम कसं जमलं ते कागदावर जरूर लिहा, कुणामुळे जमलं तेही लिहा. किती जणांत जमलं, ते मात्र चुकूनही लिहू नका.