बाहुलीचा बाप्तिस्मा

धाकटीची बाहुली धुताना ओल्या प्लास्टिकचा वास आला आणि मी वीसेक वर्षं मागे, चेन्नईतल्या ल्युथरन सेमिनरीच्या चॅपेलात पोचलो. आम्ही होऊ घातलेले पाळक तिथे बाहुलीवर बाप्तिस्म्याचा सराव करत होतो. मी ती काखेत धरली.

“अहो पाळक, बाळ आहे ते, दुधीभोपळा नव्हे! उपासना आधी हातांना शिकवा!” सर ओरडले. मीच सगळ्यांत मोठ्याने हसलो.

मग वर्गमित्र सॅम्युएलने तिचं डोकं अलगद तळहातावर पेललं. “सर, पाणी पडण्याआधीच बाळ गेलं तर त्याचं काय?”

त्याची तान्ही लेक महिन्यापूर्वीच बाप्तिस्म्याविना गेली होती. मला ते ठाऊक होतं, तरी मी हसलो होतो. सरांनी पुस्तक मिटलं आणि त्याच्या हाताखाली आपला हात धरला.

आता मी पाळक आहे आणि बाळ गमावलेल्या आया हाच प्रश्न मला विचारतात. मीही सरांसारखा हात पुढे करतो.

“बाबा, ती बाहुली आहे,” धाकटी म्हणाली. बाहुलीचं डोकं माझ्या तळहातावरच होतं.