ट्रेलरचे मागचे दिवे

घनसावंगीच्या रस्त्याकडेला आमचं घर आहे. अंगण आता मोकळं असतं. इथं चौदा चाकी ट्रेलर उभा राहायचा, हे पाहुण्यांना खरं वाटत नाही.

जालन्याच्या सळया पोचवून वडील रात्री परतले, की ट्रेलर उलटा आत घ्यावा लागे. आई बॅटरी घेऊन मागं उभी राही आणि हाताने इशारे करी. एका रात्री तिचा पाय घसरला. ट्रेलर तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला.

दुसऱ्याच दिवशी वडिलांनी मागच्या बंपरखाली दोन एलईडी दिवे बसवून घेतले. रिव्हर्स गिअर टाकला की ते लागत. त्या रात्री वडील केबिनच्या खिडकीतून म्हणाले, "आता तू मागं यायचं न्हाई. ओट्यावर बस."

आई बसली. भिंतीपर्यंत उजेड पडला आणि ट्रेलर सावकाश आत आला.

वडील उतरून म्हणाले, "बघ, जमलं का न्हाई तुझ्याबिगर?"

"जमलं, पण गाडीचं तोंड रस्त्यावरच राह्यलं की. भिंतीला एवढं कामून भ्यालात?" आई ओट्यावरून म्हणाली.

वडील परत केबिनमध्ये चढले आणि ट्रेलर आणखी मागं घेतला. ट्रेलर विकेपर्यंत आई पुन्हा कधी त्याच्या मागं उभी राहिली नाही. चुका मात्र ओट्यावरून रोज काढत राहिली.