दोन कान, तीन म्हातारे

आमच्या आबांचा रेडिओ बंद पडला तेव्हा निम्म्या सांगली जिल्ह्याचा ऊस वाळला, असं मी लोकांना सांगतो. खरं एवढंच, की दुपारी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपुढं बसून गाणी ऐकणारे तीन म्हातारे, म्हणजे आमचे आबा, शेजारच्या रानातले तात्या आणि पलीकडचे निवृत्त फौजी, आठवडाभर नुसती एकमेकांची तोंडं बघत बसले.

नवा घ्यायला मी सांगलीत विश्रामबागला गेलो. दुकानात इतकं ज्ञान पाजळलं की मालकानं आधी पाणी विचारलं, मग चहा, शेवटी नोकरी. त्यानं गाण्यांचे दोन प्लेअर पुढं ठेवले. एक विटेएवढा, ढोबळ बटणांचा, स्पीकरवाला. दुसरा काडेपेटीहून बारीक, फक्त कानात घालून ऐकायचा.

"वडिलांना स्पीकरवालाच न्या," मालक म्हणाला.

मला त्यानं गोठ्यात झोपायला सांगितल्यासारखं वाटलं. मी बारका घेतला.

आबांनी डोळे मिटून ऐकलं. "बाई लय जवळ येऊन गातीया रं," म्हणाले. गावभर छाती काढून हिंडलो मी.

दुसऱ्या दुपारी रानात गेलो, तर वायरीचं एक टोक आबांच्या कानात, दुसरं तात्यांच्या. वायर आखूड, त्यामुळं दोघांची डोकी शिंगं अडकलेल्या बैलांसारखी. समोर फौजी.

"आवं फौजी, आता तुमची पाळी," आबा कान मोकळा करत म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या. मला हितनं दिसतंय की गाणं."

तात्या हसले, मीही हसलो. फौजी आबांच्या हलत्या पावलाकडं बघून मांडीवर ताल धरत होते. ते मी बघितलं होतं. तरी हसलो.

चार दिवसांनी फौजी यायचे थांबले. रानात दिसायचे, पण बांध ओलांडायचे नाहीत. विचारलं तर गुडघा दुखतोय म्हणायचे.

महिन्यानं मी तो विटेएवढा प्लेअर आणला. फुकट मिळाला, अशी थाप मारली. आबांनी ती गिळली नाही, पण प्लेअर ठेवून घेतला. आता रोज दुपारी ते तो मोटारीच्या खोलीवर ठेवतात, आवाज पार शेवटापर्यंत, तोंड फौजींच्या रानाकडं.

"आमी हिकडं बसलोय," तात्या कुरकुरतात.

गाणं संपलं की आबा बांधाकडं बघतात. फौजी तिकडं वाकून तण भांगलत असतात, मान वर करत नाहीत.

मी ही हकीकत पारावर सांगतो तेव्हा मात्र फौजी पहिल्याच गाण्याला बांध ओलांडून येतात, आणि त्यांचा गुडघा अजिबात दुखत नाही.