तेच ते विचारणारं गिऱ्हाईक

ऑफिसात तिला सगळे ‘चाळणी’ म्हणत आणि तिला त्याचा राग नव्हता. कपडे धुण्याची मशिनं विकणाऱ्या कंपनीच्या चॅटबॉटने गिऱ्हाइकांशी मारलेल्या गप्पा वाचायच्या, खडे वेगळे काढायचे, बॉट कुठे चुकला ते लिहायचं, म्हणजे पुढच्या वेळी तो नीट बोलेल, हे तिचं काम. “धान्य निवडण्यासारखंच, फक्त मान जास्त दुखते,” असं ती सांगे. लोक बॉटला शिव्या देत, कुणी चक्क लग्नाची मागणी घाली. हिची पापणी हलत नसे.

आधी संगणक आपली चाळण लावी. एकच गिऱ्हाईक तोच प्रश्न पुन्हा विचारतंय, म्हणजे उत्तर धड दिलेलं नाही, असा त्याचा हिशेब. असल्या गप्पांवर लाल खूण होऊन त्या तिच्याकडे येत. नावं, नंबर अगोदरच पुसलेले.

त्या दुपारची लाल खूण अशीच होती. ‘साबण कुठल्या कप्प्यात घालू?’ बॉट म्हणाला, डावीकडच्या. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्या दिवशीही तेच. उत्तर बरोबर होतं, सोपंही होतं. मग चूक कुणाची?

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण डोकावली. “अगं, त्यात काय? ‘हे तुम्हाला आधीच सांगितलंय’ असं म्हणायला शिकव त्याला.”

“ते ऐकून कुणाला कधी आठवलंय?” ती म्हणाली आणि पुढे वाचू लागली.

‘खिडकीजवळचं मशीन रे, ज्याच्या पायाखाली चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा घातलाय. सुनेला विचारलं असतं, पण ती म्हणेल, कालच तर सांगितलं. तिला कळू देऊ नकोस हं.’

घरचं मशीन हादरतं म्हणून तो पुठ्ठा तिनेच घडी करून सरकवला होता. ‘कालच तर सांगितलं’ हेही तिचंच.

ओळखीच्या माणसाच्या गप्पा तपासायच्या नाहीत, असा नियम होता. “या गप्पा तू बघ,” ती मैत्रिणीला म्हणाली. “घरचं माणूस आहे.”

सगळं वाचून मैत्रिणीने शेरा लिहिला: बॉटची चूक नाही. दर वेळी असंच, न कंटाळता सांगावं.

ती घरी आली तेव्हा सासूबाई मशीनपुढे उभ्या होत्या. मोबाईल झटकन पाठीमागे गेला.

“आज लवकर कशी? नोकरी सोडलीस की त्यांनी सोडवली?”

“आई, साबण डावीकडच्या कप्प्यात.”

“मला माहितीये!” सासूबाई तोऱ्यात म्हणाल्या. मग मोबाईलकडे संशयाने पाहत, “त्या मेल्याने चुगली केली वाटतं.”

“त्याने नाही हो. मीच वाचलं. माझं कामच ते.”

सासूबाईंनी मशीनचं झाकण उगाच उघडलं, मिटलं. “तो वसकन अंगावर येत नाही गं,” त्या म्हणाल्या.

“उद्या आपण डॉक्टरांकडे जाऊ या?” तिने विचारलं.

“सकाळी नको. मशीन लावायचं असतं.” त्यांनी साबणाचं पाकीट हातात घेतलं आणि थांबल्या. “डावीकडे ना?”

“हो आई. डावीकडे.”