ऐकू दे मेल्यांना

बाजारात एक बाई तोंडावर हात धरून फोनवर बोलत होती. बघून आमची ही आठवली. ती नेमकी उलट, घसा फाडून बोलायची. पोरगी परदेशात नर्स आहे. ती म्हणायची, “आई, जपून बोल. इथलं सरकार या अ‍ॅपवरचं सगळं ऐकतं, साठवून ठेवतं.”

“ऐकू दे मेल्यांना! लोणच्यात मीठ किती घालायचं ते तरी शिकतील.”

ही गेली. पोरगी अजून बजावते, “बाबा, त्या अ‍ॅपचा भरवसा धरू नका.” नाही धरत. कुणाच्या घरातलं बोलणं चोरून ऐकणं वाईटच. पण हिचा आवाज माझ्याकडे कुठंच नाही. तुम्ही खरंच साठवला असेल, तर मेल्यांनो, ते लोणच्याचं एकदा मला ऐकवा.