चौथ्या मजल्यावरची चांगुणा

दारिद्र्याची कारणे सांगा, हा प्रश्न मी महाविद्यालयात दरवर्षी विचारतो. मुले निरक्षरता लिहितात, लोकसंख्या लिहितात आणि मी गुण देतो. बंद पडलेली लिफ्ट हे कारण अद्याप कोणी लिहिलेले नाही. लिहिले, तर पूर्ण गुण देईन.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये, माझ्या घरासमोर, नाल्याकाठच्या झोपड्या पाडून गरिबांसाठी इमारत बांधली गेली. चांगुणा त्या झोपड्यांतली. नवरा गेल्यापासून ती जीन्सचे धागे कापून जगत आली. शिवून झालेल्या पँटींचा गठ्ठा टेम्पो तिच्या दारात टाकी, शिलाईची लोंबती टोके ती कटरने छाटी आणि संध्याकाळी माल परत जाई. मजुरी नगावर.

सोडतीत तिला तळमजला लागला होता. तो तिने झोपडीतला जुना शेजारी जनू याला देऊन त्याची चौथ्या मजल्यावरची खोली घेतली. जनूचे गुडघे गेलेले, त्यामुळे त्याने विचारही केला नाही. लोक तिला हसले. मला हसू आले नाही. जिने प्रत्येक पावसाळ्यात पिठाचा डबा डोक्यावर धरून घरात शिरलेले नाल्याचे पाणी ओसरण्याची वाट पाहिली, तिने उंची मागू नये तर काय मागावे?

लिफ्ट उद्घाटनाला पाहुण्यांना घेऊन वर गेली, खाली आली आणि बंद पडली. ती आजतागायत बंद आहे.

टेम्पोवाला भूपेश वर पाहून ओरडे, "चांगुणाबाई, गठ्ठा उडत येणार काय? सेठ मेरे को जिन्याचा पगार देतो का? जो नीचे, उसका माल!"

"अरे थांब की मेल्या, उतरतेय!"

ती उतरेपर्यंत गठ्ठा दुसऱ्या दारात गेलेला असे. एकदा मिळाला, तो निम्मा निम्मा करून वर नेताना तिची कंबर धरली. मग ती जिन्याखाली गोणपाट पसरून बसू लागली. इमारतीचा सेक्रेटरी प्रीतम, कालपर्यंत तिच्याच गल्लीत राहिलेला, म्हणाला, "मावशी, आता आपण सोसायटीत राहतो. परत झोपडपट्टी नका करू." गोणपाट त्याने स्वतः गुंडाळले.

लिफ्टसाठी मी संबंधित कार्यालयात चार वेळा गेलो. शेवटच्या खेपेस अधिकारी समजुतीच्या स्वरात म्हणाले, "सर, पक्कं घर, संडास, वीज, सगळं दिलंय. आमच्या हिशेबी ही बाई आता गरीब नाही."

मी म्हणालो, "तिला काम मिळत नाही."

"तो विषय आमच्याकडे येत नाही."

दारिद्र्य निर्मूलनाची इतकी प्रामाणिक व्याख्या मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळलेली नाही. घर एका खात्याचे, पोट दुसऱ्या खात्याचे, आणि दोघांच्या मधला जिना कोणाचाच नाही.

अखेर ती जनूच्या दारात गेली. मीही सोबत होतो.

"जनूदादा, खोली परत बदलू या का? पाया पडते तुझ्या."

जनू खुर्चीतून हलला नाही. "चांगुणे, तुला ढगांत राहायचं होतं ना? आता ढगांना सांग धागे कापायला." मग तो आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवत हळू आवाजात म्हणाला, "वर गेलो तर मी परत खाली उतरेन का गं?"

दोन गरजू माणसांपुढे एकच तळमजला ठेवून व्यवस्था निर्धास्तपणे घरी गेली होती.

जनूची सून तुळशी आतून म्हणाली, "मावशी, इथं उंबऱ्याशी बसा. गठ्ठे माझ्या नावावर येतील. नगामागं निम्मे तुमचे."

"निम्मे?"

"जागा माझी ना!"

दुसऱ्या दिवसापासून चांगुणा एकेकाळी स्वतःला लागलेल्या घराच्या उंबऱ्याशी बसू लागली. परवा मी समोरून पाहिले. भूपेश गठ्ठा खांद्यावर घेऊन आला आणि म्हणाला, "सरको मावशी, माल भाभीचा आहे." तिने पाय आखडून त्याला वाट करून दिली आणि पुढच्या पँटचा पाय मांडीवर ओढला.