माझ्या डिझाइनचं वरण

तुरीची डाळ शिजल्याचा वास आला की मला अकोल्यातली ती डाळमिल आठवते. तिथल्या नव्या मशीनचं डिझाइन मी कंप्युटरवर काढलं होतं. रोलर आणि जाळीतलं अंतर जरा चुकलं असतं, तर डाळीचा चुराच झाला असता. मशीन पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा पट्टा फिरला, पिवळी धूळ उडाली आणि माझ्या ओंजळीत डाळीच्या कोमट, अख्ख्या पाकळ्या पडल्या. मालकानं पिशवीभर डाळ बांधून दिली. घरी आईनं वरण केलं. "दिवसभर कंप्युटरपुढं काय करून राह्यते वं?" असं नेहमी विचारणारी ती पहिला घास घेऊन म्हणाली, "सांगाचं ना मंग, डाळ बनवते म्हून!" आज माझा हुद्दा लांबलचक आहे, पण शेजारणींना ती अजून तेच सांगते. दिवसभर ड्रॉइंगमधल्या चुका सुधारणारी मी, ही एवढी चूक मात्र सुधारत नाही.